‘जोर संपला’ या उत्तरापासून सुरुवात: बल, वस्तुमान आणि गती मुलांना प्रयोगांतून शिकवताना

खेळण्यातली गाडी फरशीवर ढकला, थोडी जाऊन थांबू द्या आणि तिसरी-चौथीतल्या मुलांना विचारा, “का थांबली?” उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: “जोर संपला.”

मला हे उत्तर आवडतं, कारण मुलाने ते स्वतः विचार करून दिलेलं असतं. शिवाय त्याची चूक फार मोठ्या माणसाची आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलही साधारण हेच सांगत होता, की वस्तू चालती ठेवायची तर तिला कुणीतरी सतत ढकलत राहायला हवं. हा विचार माणसांच्या डोक्यातून जायला जवळजवळ दोन हजार वर्षं लागली. तो एका तासिकेत व्याख्या लिहून दिल्याने जाईल, अशी आशा धरू नका. व्याख्या पाठ होते, परीक्षेत गुण मिळतात आणि ‘जोर संपला’ तसाच आत बसून राहतो.

हा लेख ८ ते ११ वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी आहे. सगळे प्रयोग मिळून एकच गोष्ट मुलांच्या हाताला जाणवून द्यायची आहे: बल गती टिकवत नाही, बल गती बदलतं, आणि ती किती सहज बदलेल हे वस्तुमान ठरवतं. चाळीस मिनिटांच्या पाच-सहा बैठका ठेवा. घाई केली तर चौथ्या पायरीवर सगळं अडतं.

साहित्य

सहज फिरणाऱ्या चाकांच्या दोन सारख्या खेळण्यातल्या गाड्या, साधारण १ मीटर लांबीची गुळगुळीत फळी, काही पुस्तकं, मोजपट्टी, स्टॉपवॉच (मोबाइलमधलं चालेल), रबरबँड, दोरा, लोखंडी वॉशर, लहान वजनकाटा, टॉवेल, दोन रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या, वाळू, एक जुनी सीडी, ओढून उघडणारं आणि दाबून बंद होणारं बाटलीचं झाकण, फुगा, गोट्या आणि वायरिंगसाठी वापरतात ती प्लास्टिकची खोबणीची पट्टी. गाड्या निवडताना एवढं पाहा की चाकं घासत नाहीत आणि गाडी सरळ रेषेत जाते. वाकडी जाणारी गाडी सगळा तास खाते.

पायरी १: शब्दांचा गुंता आधी सोडवा

मराठीत ही अडचण खास आहे. बोलताना आपण जोर, ताकद, शक्ती, बल आणि दाब हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. विज्ञानात त्यांतल्या बल, शक्ती आणि दाब या तिघांचे अर्थ वेगवेगळे आहेत. मुलांना एवढंच सांगा, की आपण ‘बल’ हा शब्द ढकलणं किंवा ओढणं यासाठीच वापरणार. बल नेहमी दोन वस्तूंमध्ये असतं, हात आणि गाडी किंवा चुंबक आणि खिळा. एकट्या गाडीच्या पोटात बल साठवलेलं नसतं. म्हणून “बल कुणाचं? कुणावर?” हे दोन प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे हेच दोन प्रश्न ‘जोर संपला’ला उत्तर देणार आहेत.

गतीचंही तसंच. ‘गती वाढव’ म्हणताना आपल्याला वेग म्हणायचं असतं. पाठ्यपुस्तकात मात्र गती म्हणजे जागा बदलत असणं, चाल म्हणजे ठरावीक वेळात कापलेलं अंतर, आणि वेग म्हटलं की दिशाही आली. लहान मुलांशी बोलताना गती आणि चाल हे दोन शब्द पुरतात. दिशेचा मुद्दा वेगळा काढा, पण तो विसरू नका: वळणारी गाडीसुद्धा गती बदलत असते, तिची चाल तीच राहिली तरी.

वजन आणि वस्तुमान यांची फोड आत्ता करू नका. ती हाताने कळते, शब्दांनी कळत नाही. तिची जागा पुढे आहे.

पायरी २: गती मोजायला शिकवा

ही पायरी पटकन उरका. जमिनीवर खडूने दर ५० सेंटीमीटरला रेघ मारा. एक मूल चालेल, एक टाळी वाजवून सेकंद मोजेल, बाकीचे प्रत्येक टाळीला ते कुठे होतं तिथे खूण करतील. खुणा समान अंतरावर पडल्या तर चाल एकसारखी, दूर-दूर होत गेल्या तर वाढती, जवळ येत गेल्या तर कमी होणारी. अंतर भागिले वेळ हे सूत्र त्यानंतर द्या. ३ मीटर ४ सेकंदांत कापले, तर चाल सेकंदाला ०.७५ मीटर.

पायरी ३: गाडी थांबवतं कोण?

फळीचं एक टोक १० सेंटीमीटर उचला आणि खाली पुस्तकं लावा. गाडी वरच्या ठरावीक रेघेवर धरा आणि तिच्यापुढे पट्टी आडवी लावा. पट्टी झटकन उचलली की गाडी सुटते. हाताने सोडू देऊ नका, कारण सोडताना प्रत्येक मूल नकळत थोडं ढकलतंच. उताराखाली आधी टॉवेल, मग पातळ चटई, मग गुळगुळीत फरशी ठेवा. प्रत्येक पृष्ठभागावर तीन-तीन वेळा सोडा आणि उताराच्या पायथ्यापासून अंतर मोजा. तीन आकड्यांतला मधला घ्या. या वयाला सरासरीपेक्षा मधला आकडा जास्त समजतो.

प्रत्येक वेळी गाडी सोडण्याआधी अंदाज लिहून घ्या, तोंडी नको. चुकलेला अंदाज लिहिलेला असला की मूल स्वतःशीच वाद घालू लागतं, आणि शिकणं तिथे सुरू होतं.

आकडे हाती आले की विचारा: उतार तोच, गाडी तीच, तर खाली येईपर्यंत ‘जोर’ तेवढाच होता ना? मग टॉवेलवर तो लवकर का संपला? इथे थोडा वेळ गप्प राहा. कुणीतरी म्हणतं, “टॉवेल अडवतो.” फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवा: बल कुणाचं? टॉवेलचं. कुणावर? गाडीवर. या अडवणाऱ्या बलाला घर्षण म्हणतात. गाडीच्या आतलं काही संपलेलं नाही, बाहेरून कुणीतरी तिला अडवत होतं.

मग पुढचा प्रश्न: अडवणारं काहीच नसतं तर?

इथे सीडीचा प्रयोग करा. सीडीच्या मधल्या भोकावर बाटलीचं झाकण चिकटवा. गरम गोंद वापरायचा तर तो मोठ्यांनीच लावावा. कडेने हवा सुटणार नाही असं पक्कं चिकटवा, झाकण बंद ठेवा, फुगा फुगवून त्याचं तोंड झाकणावर ओढा. सीडी गुळगुळीत टेबलावर ठेवा, झाकण उघडा आणि बोटाने हलकंसं ढकला. सीडीखाली हवेचा पातळ थर तयार होतो आणि ती तरंगल्यासारखी, चाल न गमावता टेबलाच्या टोकापर्यंत जाते. फुगा रिकामा झाला की जागच्या जागी थांबते.

इथे मुलं पुन्हा फसतात, आणि मला हाच क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो. ती म्हणतात, “हवा ढकलत होती, हवा संपली म्हणून थांबली.” त्यांना सीडी न ढकलता, नुसतं झाकण उघडून सोडायला सांगा. टेबल सपाट असेल तर ती पुढे जात नाही, जागेवरच डुलते. म्हणजे हवा तिला पुढे ढकलत नव्हती. ती फक्त सीडी आणि टेबल यांना एकमेकांपासून दूर ठेवत होती. पुढे जाण्यासाठी बोटाचा एक धक्का पुरला. हवा गेली, सीडी टेबलाला टेकली, घर्षण आलं आणि गती संपली.

याच विचाराची दुसरी वाट गॅलिलिओने दाखवली. खोबणीची पट्टी इंग्रजी ‘यू’सारखी वाकवा. एका बाजूने गोटी सोडली की ती दुसऱ्या बाजूला जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. दुसरी बाजू थोडी आडवी करा, गोटी लांब जाते, पण साधारण त्याच उंचीला पोचायचा प्रयत्न करते. अजून आडवी करा, अजून लांब. आता मुलांना डोळे मिटून कल्पना करायला सांगा, की दुसरी बाजू पूर्ण सपाट आहे आणि घर्षण अजिबात नाही. गोटी कुठे थांबेल? गॅलिलिओच्या लक्षात आलं की तिला थांबायला कारणच उरत नाही. पुढे न्यूटनने १६८७ साली हेच गतीचा पहिला नियम म्हणून मांडलं: बाहेरून बल लागलं नाही तर थांबलेली वस्तू थांबलेली राहते आणि चालणारी त्याच चालीने सरळ रेषेत जात राहते.

आणि हे नुसत्या कल्पनेत नाही. १९७७ साली सोडलेलं व्हॉएजर-१ हे यान आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर चालीने सूर्यापासून दूर चाललं आहे. त्याला मागून कुठलंही इंजिन ढकलत नाही. सूर्याचं गुरुत्वाकर्षण त्याला किंचित मागे ओढतं, पण अवकाशात घासायला फरशी नाही.

पायरी ४: बल वाढवलं तर? वस्तुमान वाढवलं तर?

आधी एका सापळ्याबद्दल सावध करतो. अनेक ठिकाणी उतारावर गाडी सोडून, तिच्यावर भार ठेवून ‘जड गाडी हळू जाते’ असं दाखवायला सांगतात. करून पाहा, तसं होत नाही. भारासह आणि भाराविना गाडी जवळपास एकाच वेळी खाली पोचते. कारण उतारावर गाडीला ओढणारं बल म्हणजे तिचं स्वतःचं वजन. भार दुप्पट केला तर ओढही दुप्पट झाली. वस्तुमानाचा परिणाम पाहायचा असेल तर ओढणारं बल तेच ठेवावं लागतं.

म्हणून अशी मांडणी करा. गाडीला दोरा बांधा, तो टेबलाच्या कडेवरून खाली सोडा आणि टोकाला वॉशर लटकवा. वॉशर खाली पडताना गाडीला ओढतात. कडेला दोरा घासू नये म्हणून तिथे गुळगुळीत पेन आडवं चिकटवा. कडेच्या अलीकडे पुस्तकाचा अडथळा ठेवा आणि खाली जमिनीवर उशी टाका. गाडीला ६० सेंटीमीटरच धावू द्या. टेबलाची उंचीच तेवढी असते, त्यापुढे वॉशर जमिनीला टेकतात आणि ओढ थांबते.

१. आधी घर्षण फेडा. एकेक वॉशर वाढवत जा आणि दर वेळी गाडीला हलकं बोट लावा. ज्या क्षणी ती न थांबता एकसारख्या चालीने सरकू लागेल, तेवढे वॉशर घर्षणाचे. तेव्हा ओढ आणि घर्षण सारखं झालेलं असतं. बलं संतुलित आहेत, म्हणून चाल वाढतही नाही, कमीही होत नाही. मुलांना हे थांबून दाखवा, कारण दोन बलं लागत असूनही गती बदलत नाही हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं.

२. आता जादा १० ग्रॅम लावा आणि वेळ मोजा. मग जादा २० ग्रॅम, मग ४० ग्रॅम. दर वेळी तीन फेऱ्या.

३. मग जादा १० ग्रॅमवर परत या आणि गाडीचं वस्तुमान दुप्पट करा. भार वाढला की घर्षणही वाढतं, म्हणून पहिली कृती पुन्हा करावी लागेल. ती वगळली तर गाडी फारच हळू जाईल, कदाचित हलणारही नाही, आणि मुलं चुकीचा निष्कर्ष काढतील.

गाडी २०० ग्रॅमची असेल तर ६० सेंटीमीटरला १० ग्रॅमच्या ओढीने सुमारे १.६ सेकंद, २० ग्रॅमने १.२ आणि ४० ग्रॅमने ०.९ सेकंद लागावेत. गाडी ४०० ग्रॅमची केली आणि ओढ १० ग्रॅम ठेवली तर २.२ सेकंद. तुमचे आकडे थोडे जास्त येतील, घर्षण नेमकं फेडता येत नाही. स्टॉपवॉच दाबण्यातही चूक होते, तेव्हा मोबाइलवर चित्रण करून ते हळू चालवून पाहणं उत्तम.

कुणीतरी नक्की विचारेल, “बल दुप्पट केलं, मग वेळ निम्मा का नाही झाला?” प्रश्न विचारणाऱ्याचं कौतुक करा. दुप्पट होतो तो चाल वाढण्याचा दर, म्हणजे त्वरण. गाडी सुरुवातीला थांबलेली असते, हळूहळू वेग धरते. त्यामुळे वेळ निम्मा करायला बल चौपट लागतं. १० आणि ४० ग्रॅमचे आकडे शेजारी ठेवले की ते दिसतं. सूत्राची गरज या वयात नाही. ‘बल जास्त तर गती लवकर बदलते, वस्तुमान जास्त तर उशिरा बदलते’ एवढं त्यांच्याच आकड्यांवरून त्यांच्याच तोंडून निघालं की पुरे.

पायरी ५: वस्तुमान आणि वजन

दोन सारख्या बाटल्या कागदात गुंडाळा. एकीत वाळू ठासून भरा, दुसरी रिकामी ठेवा. दोन्ही लांब दोऱ्यांनी उंचावर टांगा, पक्क्या बांधा. मुलांनी बाटली उचलायची नाही, फक्त एका बोटाने बाजूला ढकलायची. वाळूची कुठली हे लगेच कळतं.

विचारा: बाटलीचं वजन कोण पेलतंय? दोरी. मग तुमच्या बोटाला ती जड का वाटली? वजन खालच्या दिशेने आहे, तुम्ही तर आडवं ढकललं. बोटाला जाणवला तो बाटलीचा हट्ट, ‘आहे तशीच राहीन’ हा. या हट्टाला जडत्व म्हणतात आणि तो किती आहे हे वस्तुमान सांगतं. आता झुलणारी वाळूची बाटली हाताने थांबवायला सांगा. थांबवतानाही हट्ट तेवढाच. (बाटली चेहऱ्यापासून दूर, कमरेच्या उंचीवर असावी.)

वजन म्हणजे पृथ्वी वस्तूला जेवढ्या बलाने ओढते ते. म्हणून वजन हे बल आहे आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. वस्तुमान किलोग्रॅममध्ये. १ किलोग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूचं वजन पृथ्वीवर सुमारे ९.८ न्यूटन, चंद्रावर सुमारे १.६ न्यूटन. वस्तुमान दोन्हीकडे १ किलोग्रॅमच. अवकाशस्थानकात अंतराळवीर काट्यावर उभे राहू शकत नाहीत. तिथे स्प्रिंगच्या ठराविक ओढीने त्यांचं शरीर किती लवकर वेग घेतं हे मोजून वस्तुमान काढतात. मुलांनी टेबलावर गाडीचं जे केलं तेच.

एक न्यूटन म्हणजे किती, हे तळहातावर ठेवूनच सांगा: हलक्या पिशवीत १०० मिलिलिटर पाणी घ्या, त्याचं वजन जवळपास १ न्यूटन. तानकाटा (स्प्रिंग ताणून बल मोजणारा काटा) असेल तर उत्तमच. नसेल तर रबरबँडला ही पिशवी लटकवा, तो किती ताणला त्याची खूण पुठ्ठ्यावर करा, मग २०० आणि ३०० मिलिलिटरला. खुणा समान अंतरावर पडणार नाहीत. रबर स्प्रिंगसारखं नेमाने ताणत नाही, म्हणून खुणा जशा आल्या तशाच ठेवा. या काट्याने बूट ओढून पाहा. सुरू करताना लागणारं बल, सरकता ठेवण्याच्या बलापेक्षा जास्त भरतं. ताणलेला रबरबँड डोळ्यांच्या उंचीवर कुणीही धरू नये.

पायरी ६: जड वस्तू आधी पडते का?

एक बाटली पाण्याने पूर्ण भरा, तशीच दुसरी अर्धी. दोन्ही झाकणं घट्ट लावून सारख्या उंचीवरून उशीवर एकदम सोडा. वेळ मोजत बसू नका. सव्वा मीटर पडायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो, अंगठा तेवढा चपळ नसतो. कानाने ऐका: आवाज एक आला की दोन? एकच येतो. कारण उताराचंच: पूर्ण बाटलीला पृथ्वी दुप्पट ओढते, पण तिचा हट्टही दुप्पट आहे.

मग कागद हळू का पडतो? तोच कागद चुरगळून गोळा करा आणि सोडा. वस्तुमान बदललं नाही, हवेचा अडथळा कमी झाला. १९७१ साली अपोलो-१५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं. तिथे हवा नाही, दोन्ही बरोबर जमिनीला टेकले. ते चित्रण मुलांना दाखवाच, पण बाटल्यांच्या नंतर. आधी दाखवलं तर ती चंद्राची जादू वाटते.

पायरी ७: कळलं का, हे कसं ओळखायचं

व्याख्या विचारू नका. चेंडू सरळ वर फेकलेला आहे आणि हातातून सुटून वर चालला आहे, असं चित्र काढून द्या. त्यावर लागणारी बलं बाणांनी दाखवायला सांगा. ज्यांच्या मनात ‘जोर’ अजून शिल्लक आहे ती मुलं वरच्या दिशेने मोठा बाण काढतात. चेंडू वर जातोय म्हणजे काहीतरी वर ढकलत असणार, असं त्यांना वाटतं. खरं तर हात सुटला तेव्हाच त्याचं बल संपलं. आता पृथ्वीची ओढ तेवढी उरली, खाली, आणि तीच त्याची चाल कमी करत नेते. हवेचा थोडा अडथळाही खालीच.

वरचा बाण दिसला तर खोडून देऊ नका, “हे बल कुणाचं?” एवढंच विचारा. मूल थोडा वेळ चेंडूकडे पाहील, हाताकडे पाहील. “हाताचं” म्हणालं तर विचारा, हात आता कुठे आहे? तरीही अडलं, तर सीडी, झाकण आणि फुगा पुन्हा त्याच्या हातात द्या.